दाढ आज, डॉक्टर मंगळवारी

"दुधाचाच दात आहे, पडणारच आहे." हे वाक्य कधीच कानावर आलं नाही असं मराठी घर सापडायचं नाही. माझी बहीणही वर्षभर तेच म्हणत होती. मग गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री साडेदहाला तिचा फोन आला. मागे पाच वर्षांच्या भाचीचं रडणं ऐकू येत होतं. "दादा, चिऊची खालची दाढ ठणकतेय. गालाला हात लावू देत नाही. इथले दातांचे डॉक्टर शनिवार-रविवार नसतात, सोमवारी जिल्ह्याला जातात. मंगळवारी अकराचा नंबर मिळालाय. तोवर काय करू?"

मुलांच्या दातांवर पुष्कळ लिहिलं जातं. दात किडू नयेत म्हणून काय करावं ते एका बाजूला आणि डॉक्टर काय करतील ते दुसऱ्या बाजूला. मधल्या 'तोवर'बद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्या चार रात्री, कधी चार आठवडे, घर एकटं असतं. हाताशी असतात आजीची लवंग, शेजारणीचा सल्ला, मेडिकलवाल्याने दिलेली पुडी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ. यातलं कामाचं काय, फुकाचं काय आणि धोक्याचं काय, याचा हा आढावा.

पडणाऱ्या दाताची किंमत

दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांत संच पुरा होतो. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, म्हणून सगळेच लवकर जाणारे अशी आपली समजूत होते. दाढांचा हिशेब वेगळा आहे. दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चिऊच्या त्या दाढेला अजून पाच-सहा वर्षं नोकरी करायची होती. घास चावायचा होता आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा धरून ठेवायची होती.

आणखी एक घोटाळा सहाव्या वर्षाच्या आसपास होतो. सगळ्यात मागे एक दाढ उगवते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कुणाला कळतही नाही. तिलाही लोक दुधाचीच समजतात. ती असते कायमची, आणि किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं आणि आतली नस, म्हणजे डॉक्टरांचा पल्प, दाताच्या मानाने मोठी. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दातात जो प्रवास रेंगाळत होतो, तो इथे काही महिन्यांत उरकतो. दिवाळीत दिसलेला काळा ठिपका होळीपर्यंत ठणका होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांची जगभरातली संख्या सुमारे ५१ कोटी ४० लाख दिली आहे. चिऊच्या आईला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलं असेलही थोडंफार, पण या चुकीत तिला सोबत मोठी आहे.

थांबावं का लागतं

आपल्याकडे उपकेंद्रात आणि बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दंतवैद्य नसतो. तो भेटायचा तर ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या शहरांत आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर आहे, गोव्यात बांबोळीचं. तिथे उपचार स्वस्त, पण गर्दी मोठी आणि एका दाढेसाठी दोन-तीन खेपा ठरलेल्या.

तालुक्याच्या गावी खाजगी दंतवैद्य आता पुष्कळ आहेत. अडचण वेगळीच येते. मूल तोंड उघडत नाही, डॉक्टरांचा हात धरतं, आणि मग चिठ्ठी मिळते, 'लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे न्या.' ते असतात शहरात. मूल फार लहान असेल आणि आठ-दहा दात एकदम करायचे असतील तर भूल द्यावी लागते. मग बालरोगतज्ज्ञांची तपासणी, रक्ताचे अहवाल, भूलतज्ज्ञांची वेळ. त्यात रोजंदारीवरच्या आईबापांचा बुडणारा दिवस धरा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलाची दाढ फडावर ठणकली, तर 'तोवर' कधीकधी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडणीचा हंगाम संपेपर्यंत लांबतं.

एक वाट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. तपासायच्या ३० आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. पथकाची चिठ्ठी असली की जिल्ह्याच्या ठिकाणी पुढचा उपचार मोफत होऊ शकतो. अंगणवाडीताईंना किंवा वर्गशिक्षकांना नुसतं विचारलं तरी पथक कधी येणार ते कळतं.

दुखणं वाचायचं कसं

तीन वर्षांचं मूल 'माझी दाढ दुखते' असं म्हणत नाही. ते एकाच बाजूने चावतं, चपाती बाजूला सारून भात मागतं, घास तोंडात धरून बसतं, झोपेतून रडत उठतं, नाहीतर कान ओढतं. खालच्या दाढेची कळ कानात जाते. कानाचे थेंब घालून चार दिवस गेले तरी गुण येत नाही तेव्हा तोंडात डोकवावं. खिडकीशी उजेडात मूल मांडीवर आडवं घ्यावं, मोबाइलच्या टॉर्चने चारी कोपरे पाहावेत. भोक, काळेपणा, सूज, हिरडीवरची पिवळी पुटकुळी, अडकलेला घास, हलणारा दात, तोंड आल्याचे पांढरे चट्टे, यातलं काहीतरी बहुधा दिसतं.

दुखण्याच्या पायऱ्या साधारण तीन. पहिलीत गार पाणी किंवा गोड लागलं की चमक येते आणि क्षणात जाते. इथे नस शाबूत असते. दात साधा भरून भागू शकतं. दुसरीत कारण नसताना ठणका लागतो, रात्री वाढतो, मूल झोपेतून उठतं. नसेला सूज आलेली असते आणि दाताच्या टणक भिंतींमुळे सुजायला आत जागा नसते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्र वाईट जाते. तिसरीत नस मरते, पू हाडाकडे उतरतो, गाल किंवा हिरडी सुजते.

दुसरी आणि तिसरी यांच्या मधे एक फसवी शांतता असते. नस मेली की ठणका थांबतो. पुवाला पुटकुळीतून वाट मिळाली तरी थांबतो. घर सुटकेचा श्वास टाकतं, नंबर रद्द होतो. प्रत्यक्षात आजार एक पायरी खाली उतरलेला असतो. या सगळ्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच असेल तर ती ही. घरी आपण दुखणं शांत करतो, दात बरा करत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

दाढ अचानक ठणकते तेव्हा पुष्कळदा भोकात काहीतरी रुतलेलं असतं. चिऊच्या दाढेतून चिवड्यातल्या डाळ्याचा तुकडा निघाला. कोमट पाण्याने खळखळून चूळ भरायला लावावी. पेलाभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ पुरे. चूळ थुंकता येत नसेल अशा लहान मुलाला मिठाचं पाणी देऊ नये, साधं पाणी प्यायला द्यावं. दोन दाढांच्या फटीत अडकलं असेल तर दात साफ करायचा मऊ धागा हलक्या हाताने फिरवावा. टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी यांना हात लावू नये. टोक नसेत गेलं तर मूल पुन्हा तोंड उघडायचं नाही.

मग बाहेरून गालावर गार शेक. बर्फाचे दोन तुकडे रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरावेत, तेवढाच वेळ विसावा द्यावा. आपल्याकडे हात आधी तव्याकडे जातो. ओव्याची पुरचुंडी, गरम कापड, पिठाचा शेक. पाठ आखडली असेल तर शेक छान, पण पुवाच्या सुजेवर उष्णतेने रक्त आणखी धावतं आणि सूज वाढू शकते. दाढेला गार शेक द्यावा आणि तो गालावरूनच; बर्फ थेट दाताला लावला तर मूल किंचाळेल.

झोपताना उशीवर उशी ठेवून डोकं उंच करावं, किंवा मोठ्यांनी टेकून बसून मुलाला छातीशी घ्यावं. लाड म्हणून घेतलं तरी त्यामागचं शास्त्र वर सांगितलेल्या दाबाचंच आहे.

औषधाचं गणित

मुलांच्या दातदुखीवर घरी देण्याजोगी औषधं दोनच, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२३ मध्ये मुलांच्या तीव्र दातदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही पहिला मान याच दोघांना आहे. घोळ होतो तो मात्रेत, कारण आपण वयावरून किंवा 'एक चमचा' म्हणून देतो. मात्रा वजनावर ठरते.

पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. चिऊचं वजन १६ किलो, म्हणजे एका वेळी १६० ते २४० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. आपल्या बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि त्याच रंगाचं, त्याच नावाचं, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचंही मिळतं. पहिल्यातून चिऊला साडेसहा ते दहा मिलिलिटर चालेल. दुसऱ्यातून तीन ते पावणेपाच. पहिल्याची सवय असलेल्या आईने दुसऱ्यातून दहा मिलिलिटर दिलं तर मुलीच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे एकदम दुप्पट. असं दिवसातून चारदा, चार दिवस झालं तर यकृतावर बेतू शकतं. तान्ह्यांचे थेंब तर याहून कितीतरी तीव्र असतात. म्हणून बहिणीला फोनवर पहिलं काम हेच सांगितलं, "बाटलीवरचा आकडा वाचून दाखव." तिच्याकडे २५० ची होती.

मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सुईविना सिरिंज वापरावी. स्वयंपाकघरातले चमचे एकाच घरात तीन मापांचे असतात. मुलाला सर्दीचं औषध चालू असेल तर तेही वाचावं. त्यात पुष्कळदा पॅरासिटामॉल आधीच असतं. सिरप गोड असतं, म्हणून वर दोन घोट पाणी पाजावं; किडलेल्या दाढेवर रात्रभर पाक बसलेला नको.

आयबुप्रोफेन एका वेळी दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, पोटात काही असताना. सुजेच्या दुखण्यावर ते चांगलं चालतं. पण सहा महिन्यांखालच्या बाळाला, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला, उलट्या-जुलाबांनी सुकलेल्याला, कांजिण्या आलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आणि महाराष्ट्राच्या पावसाळ्यात एक जादा नियम पाळावा. दातदुखीबरोबर अंगात ताप असेल तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन नको. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

नकोच अशी औषधं अधिक महत्त्वाची. ॲस्पिरिन मुलांना नाही. रे सिंड्रोम या मेंदू-यकृताच्या दुर्मीळ पण जीवघेण्या विकाराशी त्याचा संबंध दिसल्यावर ब्रिटनने १९८६ मध्ये बारा वर्षांखाली आणि २००२ मध्ये सोळा वर्षांखाली ते बंद केलं. ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवण्याचा प्रकार तर हिरडी जाळतो. निमेसुलाइड भारतात २०११ पासून बारा वर्षांखाली बंदी असलेलं औषध आहे. मोठ्यांची 'दाढेची गोळी' अर्धी करून मुलाला देणं हाही जुगारच, कारण त्या पुडीत तीन-तीन औषधं एकत्र असतात.

आणि अँटिबायोटिक. मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण सुजलेल्या नसेचा ठणका अँटिबायोटिकने जात नाही. सूज पसरत असेल, ताप असेल, तेव्हाच त्याचं काम असतं, आणि ते ठरवायचं डॉक्टरांनी.

आजीचा बटवा, सुटा करून

लवंग आधी. लवंगेतलं युजेनॉल दुखणं बधिर करतं हे खरं, इतकं खरं की दंतवैद्यही झिंक ऑक्साइडबरोबर ते तात्पुरत्या भरणीत वापरतात. दवाखान्यात शिरल्यावर जो ओळखीचा वास येतो तो बराचसा त्याचाच. घोटाळा तेलात आहे. शुद्ध लवंगतेल हिरडी आणि गालाची आतली त्वचा भाजतं, आणि दोन छोटे चमचे तेल पोटात गेल्याने लहान मुलं बेशुद्ध पडल्याच्या, यकृत निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सात-आठ वर्षांच्या समंजस मुलाच्या दाढेला, खोबरेल किंवा गोडेतेलात थेंबभर मिसळून, कापसाच्या बोळ्याने अलगद टेकवून लगेच काढणं, इतपत ठीक. लहानग्याला नको. आणि बाटली फडताळात सगळ्यात वर.

हळद-मिठाने अपाय नाही, फार उपायही नाही. लसूण ठेचून लावली तर चुरचुरून फोड येतो. मशेरी आणि तंबाखू यांच्याबद्दल मात्र बोट उचलूनच बोलायला हवं. दाढ दुखली की तंबाखूची चिमूट दाबायची, मुलीला दात घासायला मशेरी द्यायची, ही रीत आपल्या कितीतरी गावांत अजून आहे. मूल त्या वेळी शांत होतं ते निकोटिनमुळे, आणि पुढे आयुष्यभराची सवय बहुतेकदा तिथूनच लागते.

मग दातातला किडा. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडणारा वैदू जुन्या पिढीने पाहिलेला आहे. पाण्यात पांढरे बारीक तुकडे तरंगताना दाखवले जात. ते बियांच्या आतले कोंब. किड्याची कल्पना आपलीच नाही. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याचा मंत्र आहे, सुश्रुतात 'कृमिदंतक' आहे. पॅरिसच्या पिएर फोशार याने १७२८ च्या ग्रंथात किडा नाकारला, आणि बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर याने १८९० मध्ये खरी साखळी मांडली. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल करतात, ते आम्ल दात विरघळवतं. आपल्या भाषेने मात्र 'कीड' हा शब्द सोडला नाही, आणि त्या शब्दामुळेच ती बाहेर काढता येईल असं वाटत राहतं.

मेडिकलमधली मलमंही याच बटव्यात धरायला हवीत, कारण ती मागताना कुणी चिठ्ठी विचारत नाही. तोंडाला लावायच्या जेलच्या नळीवरचं बारीक अक्षर वाचा. कोलीन सॅलिसिलेट लिहिलं असेल तर तो ॲस्पिरिनचाच भाऊ. ब्रिटनने २००९ मध्ये सोळा वर्षांखाली तो नाकारला. बेंझोकेन असेल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी त्याला नकार दिला, कारण क्वचित प्रसंगी त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि बाळ निळं पडतं. लिग्नोकेन बाळाने जास्त गिळलं तर झटके येऊ शकतात. एवढं करून जेल लाळेबरोबर पाच-दहा मिनिटांत वाहून जातं आणि भोकाच्या तळाशी असलेल्या नसेपर्यंत पोचतही नाही.

दात येताना, तोंड येताना

बाळाला दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, चिडचिड होते. स्वच्छ बोटाने हिरडी चोळणं, फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं फडकं किंवा टीदर चावायला देणं पुरतं, गोठवलेलं नको. मोठा ताप आणि जुलाब हे 'दातांचेच' म्हणून अंगावर काढू नयेत, त्यांचं कारण वेगळं असतं.

या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याने माणसाला केवढं फसवलं, त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये दात येणाऱ्या बाळांना चाटवायच्या पुडीत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. काही बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, उजेड सोसत नसे, ती सतत रडत. या 'गुलाबी आजारा'चं कारण अनेक वर्षं सापडत नव्हतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉर्कनी आणि हबर्ड यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. १९५४ मध्ये पुड्यांमधून कॅलोमेल गेलं आणि पाठोपाठ आजारही गेला.

आपल्याकडे याच जातीचा उपाय तोंड आल्यावर होतो. टाकणखाराची लाही मधातून. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यांनी सात बाळांची हकिगत छापली. चोखणीला बोरॅक्स-मध लावून दिल्याने त्यांना झटके येत होते. ते बंद केल्यावर झटके थांबले. शिवाय वर्षाखालच्या बाळाला मध मुळातच नको. तोंड आलं असेल तर साजूक तुपाचं बोट, गारसर दूध, ताक, पेज आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल. हातापायांवरही पुरळ असेल तर शाळेत पाठवू नये आणि पाणी पोटात जातंय ना यावर नजर ठेवावी.

काय खाऊ घालायचं

दुखणाऱ्या तोंडाला कोमट, मऊ, बेचव न वाटणारं अन्न हवं. गुरगुट्या भात-वरण-तूप, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, कुस्करलेला बटाटा, दुधात भिजवलेली मऊ पोळी. चिवडा, शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, चिकट बिस्कीट, लिंबू, चिंच आणि फ्रिजमधलं पाणी काही दिवस लांब. मूल रडतं म्हणून चॉकलेट देणं हा सगळ्यात महाग लाड. गोडानंतर वीस-तीस मिनिटं तोंडात आम्ल राहतं, आणि उघड्या पडलेल्या भोकाला ते लगेच झोंबतं. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं याच दिवसांत मोडायला सुरुवात करावी. बाटलीत नुसतं पाणी भरावं.

दुखतंय म्हणून घासणं बंद करू नये. मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून, फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी. खरखरीत लाल मंजन नको.

जिथे थांबायचं नाही

काही वेळा 'तोवर' नसतंच. गालाची सूज डोळ्याकडे चढली, जबड्याखाली किंवा मानेकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास झाला, तापाबरोबर मूल मलूल पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर रात्र असो की सण, मोठं रुग्णालय गाठावं. दंतवैद्य आहे की नाही हे तेव्हा गौण. जिभेखालच्या या पसरत्या सुजेचं वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये केलं. ती श्वासनलिका दाबते. २००७ मध्ये अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात बारा वर्षांच्या एका मुलाच्या दाढेतला पू मेंदूपर्यंत गेला आणि तो दगावला. साध्या दात काढण्याने जे टळलं असतं, ते दोन शस्त्रक्रियांनंतरही टळलं नाही.

पडून कायमचा दात निखळला तर हिशेब मिनिटांचा असतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. क्षणभर पाण्याखाली धरून जागेवर बसवावा. नाही जमलं तर दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे. दुधाचा दात निखळला असेल तर परत बसवायचा नाही. खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

खुर्चीपर्यंत नेताना

वाट पाहण्याचे दिवस मुलाला तयार करायलाही असतात. 'ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य पुढच्या दहा भेटी बिघडवतं. 'अजिबात दुखणार नाही' हेही नको. थोडं दुखलं की विश्वास जातो. 'डॉक्टर दात मोजतील, धुतील आणि त्यातली घाण काढतील,' इतकं पुरे. घरी आरशासमोर चमच्याने दात मोजायचा खेळ खेळावा.

आधी फोन करून 'रात्री झोपेतून उठते, सूज नाही' असं नेमकं सांगितलं तर कधी मधेच वेळ मिळते. पूर्ण उपचार त्या दिवशी नाही झाले तरी हातात बरंच असतं. कीड नसेपर्यंत गेली नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब ती तिथेच थोपवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दात काळा पडतो, पण सुई लागत नाही, यंत्र लागत नाही. टांझानियात १९८० च्या दशकात घडलेल्या पद्धतीने नुसत्या हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरता येतं. नस गेली असेल तर दुधाच्या दाढेचंही रूट कॅनॉल होतं आणि वर स्टीलची टोपी बसते. पुवाचा निचरा झाला तर त्याच रात्री मूल झोपतं.

चिऊची दाढ सोमवारी सकाळी थांबली. भावोजी म्हणाले, "आता दुखत नाहीये, मग रजा कशाला घालवायची?" मंगळवारी डॉक्टरांनी गाल बाजूला केला तर हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुटकुळी. त्यांनी विचारलं, काय दिलं, कितीदा, शेवटचं कधी? बहिणीने पिशवीतून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने शुक्रवार रात्रीपासून सगळं लिहिलं होतं. वेळ, किती मिलिलिटर, कुठल्या बाटलीतलं, झोपली किती, खाल्लं काय. शेवटची नोंद होती, 'सोम. सकाळी ८. दुखत नाही. तरी जायचं.'